सलूनवाल्या काकांचा डावा डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात तिची जागा ठरलेली होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर एक लांब बाक होता आणि बाकासमोर तिचं स्टूल. कागदोपत्री तिचं पद चांगलं भारदस्त होतं, समुपदेशक म्हणून, पण तो शब्द पेशंटांच्या जिभेवर कधी बसला नाही. ते तिला 'समजावणाऱ्या बाई' म्हणायचे, आणि घाई असली की नुसतं 'बाई'. मोतीबिंदू काढायला आत डॉक्टर होते, यंत्रं होती. बाहेर बसलेल्यांची भीती काढायला ही एकटी. तिच्याकडे हत्यार एकच, तोंड, आणि इतकी वर्षं वापरून तेही आता दमलं होतं.

दमलं होतं म्हणजे किती, तर घरी गेल्यावर तिला बोलावंसंच वाटत नसे. नवरा दाढ दुखते म्हणून गाल धरून बसलेला असायचा. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "उद्या बघू." दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर हिने त्याला स्टुलावर बसून चहा थंड व्हायच्या आत वळवला असता. पण स्वतःच्या नवऱ्यासाठी शब्दच शिल्लक राहत नसत. "दुखतंय ना, मग दुखू दे," एवढं म्हणून ती भिंतीला पाय लावून आडवी पडायची. जगाला समजावणारी बाई आणि घरात हा कारभार! पण दिवसभर तेच तेच बोलून बघा एकदा, मग तिला नावं ठेवा.

तेच तेच म्हणजे काय, तर हे: "घाबरायचं नाही. डोळा बधिर करतील. मग काही दुखणार नाही, काही दिसणार नाही, काही कळणार नाही. आत बोलायचं नाही, हलायचं नाही. डुलकी लागते न लागते तोच बाहेर." बस्स. पाठ झालेलं. बाकाच्या एका टोकाला सुरू करायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं. नव्याने कुणी येऊन बसलं की पुन्हा पहिल्यापासून.

असं नव्हतं की तिला यापेक्षा जास्त सांगता येत नव्हतं. नोकरीला लागली तेव्हा ती सगळं सांगायची, हौसेने, हातवारे करून. एकदा एक आजोबा ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन उठले, बाथरूमला जातो म्हणाले, आणि अंगातल्या हिरव्या गाऊनसकट अनवाणी रस्त्याला लागले. शिपाई मागे, आजोबा पुढे. चौकातले लोक बघायला थांबले होते म्हणे. मोठ्या सिस्टरनी त्या दिवशी हिला कोपऱ्यात घेतलं. "अहो, त्यांची परीक्षा घ्यायची आहे का आपल्याला? गोड बोला, थोडं बोला आणि आत पाठवा." हिने कानाला खडा लावला. बोलणं कापत कापत एवढंसं केलं. त्यानंतर कुणी पळालं नाही, त्यामुळे ते बरोबरच आहे असं सगळे धरून चालले, तीही.

आणि मग आले सलूनवाले काका.

उभा जन्म लोकांच्या दाढ्या केलेला माणूस. दुकान आता लेकाच्या हाती होतं, पण जुनी गिऱ्हाइकं अजून काकांच्याच खुर्चीत बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला आणि एका गिऱ्हाइकाच्या कानशिलावर भलतीच रेघ उठली, तेव्हा लेकाने हातातला वस्तरा काढून घेतला आणि त्यांना दवाखान्यात आणून बसवलं. त्यांचा उजवा डोळा झाला. छान झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तसे काका भिंतीवरच्या घड्याळापासून सिस्टरच्या कपाळावरच्या पुरळापर्यंत सगळं मोठ्यांदा वाचत सुटले. सिस्टर चिडल्या, बाकीचे हसले.

त्यानंतर ते येतच राहिले. ऑपरेशनचा वार असला की सकाळीच बाकावर हजर. माणूस मुळात बोलका, त्यात दुकान सुटलेलं. तोंडाचा पट्टा चालवायला जागा हवीच होती. "अहो, काय घाबरता? माझ्याकडे बघा! काही दिसत नाही, काही कळत नाही. मी तर घोरत होतो आत!" पेशंट हसायचे, खांदे सैल सोडायचे. बाईला मोठाच आधार झाला. तिच्या सगळ्या बोलण्याचं काम काकांचं एक वाक्य करायचं. कधी कधी ती स्टुलावर नुसती बसून राहायची, चपलांतून पाय काढून, आणि काकाच सगळा बाक सांभाळायचे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं ओझं वाटून घेतलं होतं. तिला त्यांच्याबद्दल माया वाटायची, अगदी सख्ख्या काकासारखी.

एकच गोष्ट खटकायची. काकांचा डावा डोळा.

तो तसाच होता. बाहुलीत पांढरं दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी तारीख दिली की काकांची सबब तयार. एकदा मेहुण्याकडे जायचं होतं, एकदा सर्दी होती, एकदा सुनेचे दिवस भरत आले होते. सून बाळंत झाली, बाळ बसायलासुद्धा लागलं, तरी काका तारखेला नाहीतच. "काका, लोकांना धीर देता आणि स्वतः?" असं तिने विचारलं की ते हात झटकायचे. "एका डोळ्याने मला तुमच्या दोन डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं, बाई. काय घाई आहे?" ती हसून सोडून द्यायची. खरं सांगायचं तर तिला खोलात शिरायचा कंटाळा आला होता. बाकावर समजवायला आणखी पुष्कळ जण बसलेले असत. आणि घाबरत नाही त्याला काय समजवायचं?

एका सकाळी सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. काका ओळखू येईनात. डावा डोळा लालबुंद, पापणी सुजलेली, हात कपाळाला घट्ट धरलेला. रात्रभर ओकत होते, सून म्हणाली, डोकं फुटतंय म्हणत होते, आम्हाला वाटलं पित्त झालं. कडेवरचं बाळ रडत होतं आणि तिचाही आवाज रडवेला झाला होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन जे सांगितलं ते बाईने स्टुलावरून ऐकलं. मोतीबिंदू आत फुगला होता. डोळ्यातला दाब वाढला होता, आणि तो दाब पाठीमागच्या नसेला मारत होता. औषधाने दाब थोडा उतरवायचा आणि आजच्या आज मोतीबिंदू काढायचा. थांबलं तर डोळा गेला.

"नाही," काका म्हणाले.

लेक दुकान बंद करून धावत आला. त्याने हात जोडले, मग आवाज चढवला. सुनेने बाळ पुढे केलं. काका भिंतीकडे तोंड करून बसलेले. "डोळा जातो तर जाऊ दे. एक आहे ना? माझं वय झालं. मला घरी न्या." डॉक्टरांनी दोनदा सांगून बघितलं, मग हात टेकले आणि बाईकडे वळले. "तुमचं ऐकतील. समजवा. पण लवकर."

ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. सकाळपासून तिचंही डोकं जड होतं, आणि पाठ झालेलं बोलणं आपोआप तोंडातून निघालं. "काका, घाबरायचं नाही. काही दुखणार नाही, काही दिसणार नाही, काही..."

"बस्स!" काका ओरडले. सगळा बाक वळून बघायला लागला. मग ते खालच्या आवाजात, दात आवळून म्हणाले, "दिसतं, बाई. दिसतं."

"काय दिसतं?"

"आत. सगळं. तुम्ही म्हणालात काही दिसणार नाही. मी निवांत पडलो. आणि एकदम लखलखाट. निळं, गुलाबी, पिवळं, पाण्याखाली दिवा धरल्यासारखं हलत होतं. आणि त्यातून एक काळी सावली आली, टोकदार. म्हटलं मेलो! बधिर झालंच नाही! मला दिसतंय म्हणजे आता कळणार, आता कापल्याचं कळणार! तोंडावर कापड. बोलायचं नाही म्हणून तुम्ही बजावलेलं. सांगू कुणाला? मी..." ते थांबले. "मी मान हलवली."

तिने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"मी हो! आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, मान हलवू नका, वस्तरा आहे. आणि मीच हललो. डॉक्टर ओरडले, हलू नका! सुरी आत असताना हललो मी. डोळा वाचला ते नशीब. दर वेळी थोडंच वाचणार आहे? या वेळी पुन्हा दिसणार, पुन्हा हलणार, आणि माझ्याच हाताने माझा डोळा फोडून घेणार. त्यापेक्षा आपोआप गेलेला बरा."

"मग इतके दिवस इथे बसून सगळ्यांना घोरत होतो म्हणून सांगत होतात ते?" तिचा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला.

"मग काय सांगणार होतो? सलूनवाला हलला म्हणून? आणि तुम्ही रोज तेच सांगत होतात, काही दिसत नाही. म्हटलं सगळ्यांना दिसत नसेल, माझंच काहीतरी बिघडलं असेल. तुम्हाला खोटं कशाला पाडू?"

इतकी वर्षं बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला तिने एकच प्रश्न विचारला होता, दुखलं का? दिसलं का, हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं. कधी कुणी पांढराफटक होऊन, गाऊन घामाने भिजवून बाहेर यायचं, तर ती म्हणायची, झालं हो, आता कसली भीती? ते मान डोलवायचे आणि गप्प घरी जायचे. पुढे असं गप्प घरी गेलेलं कोण दुसऱ्या डोळ्याला परत आलं नाही, हे तिने कधी बघितलं होतं? नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, इतका की बसवेना.

ती उठून डॉक्टरांकडे गेली. ते हात धूत होते. "डॉक्टर, ऑपरेशन चालू असताना पेशंटला दिसतं का हो?"

"दिसतं की. उजेड, रंग, बऱ्याच जणांना दिसतं. कुणाला हत्यारही हलताना दिसतं. दुखत नाही, पण दिसतं." त्यांनी मान वळवली. "का? तुम्ही सांगत नाही का त्यांना?"

"नाही," तिने कबूल केलं. मग म्हणाली, "एक मिनिट बाहेर या. उजव्या डोळ्याच्या वेळी काका हलले होते म्हणतात, तेव्हा काय झालं ते त्यांना तुम्हीच सांगा."

डॉक्टर तिच्यामागून दारात येऊन थांबले. ती काकांसमोर बसली, आणि या वेळी पाठ झालेलं काही बोलली नाही. "काका, चुकलं माझं. दिसतं. बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं. तुमचं काही बिघडलं नव्हतं. दिसणं वेगळं आणि दुखणं वेगळं. औषधाने दुखणं मरतं, उजेड मरत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

काका तिच्याकडे उजव्या डोळ्याने बघत राहिले.

"आता मला सांगा, दाढी करताना गिऱ्हाईक शिंकलं, तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? वस्तरा उचलतो."

"आधी सांगून शिंकतं का ते?"

"नाही हो. हाताला कळतं. नाक फुरफुरलं की हात आपोआप वर."

"मग डॉक्टरांच्या हाताला कळत नाही?"

काकांनी डॉक्टरांकडे बघितलं. ते घाईत होते, ओले हात वर धरलेले, पण थांबले. "त्या दिवशी हललात, ते आठवतंय मला," ते म्हणाले. "तुम्ही हलायच्या आधीच तुमचा श्वास बदलला. मी हत्यार बाहेर काढून घेतलं होतं, मग ओरडलो. असे हलणारे रोज असतात, काका. तुम्ही काही फोडलं नाहीत, आणि मी फोडू दिलं नसतं."

"आधी काढलं, मग ओरडलात?"

"आधी काढलं."

काका सरळ होऊन बसले. मग त्यांनी एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. मानेखाली काय असतं? ते घट्ट का नसतं? आमच्या खुर्चीला मागे टेकू असतो, तसा लावता येईल का? खोकला आला तर? डॉक्टर आत गेले, आणि जे तिला माहीत होतं ते तिने सांगितलं, जे नव्हतं ते आतल्या सिस्टरना विचारून आली. कापड तोंडावर येईल, पण नळीतून हवा येत राहील. थंड पाणी कानाकडे ओघळेल. यंत्र गुणगुणेल. रंग दिसतील, सावली दिसेल. खोकला आला तर आधी तोंडाने सांगायचं, ते थांबतात; बोलायचं नाही हे खोटं, हलायचं नाही हे खरं. इतकं सगळं तिने त्या आजोबांनंतर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बाकावरची माणसंही कान देऊन ऐकत होती. मोठ्या सिस्टर दारातून डोळे वटारत होत्या. तिने लक्ष दिलं नाही.

शेवटी काका म्हणाले, "एक करा. तुम्ही आत या. माझा हात धरा. हलणार असं वाटलं की मी दाबतो, तुम्ही डॉक्टरांना सांगा."

तिने टोपी घातली, मास्क लावला आणि आत गेली. दाब उतरायला दुपार गेली होती, तिने जेवण केलं नव्हतं, पायांना मुंग्या येत होत्या. हिरव्या कापडाखालून आलेला काकांचा हात तिने धरला. तो बोटांपाशी टणक होता, कात्री धरून धरून. मध्ये एकदा त्याने जोरात दाबलं आणि ती घाईने म्हणाली, "थांबा." डॉक्टर थांबले. कापडाखालून आवाज आला, "निळं आलं. ठीक आहे. चालू द्या." नंतर हात निवत गेला. शेवटी तर हात इतका सैल पडला की तिला वाटलं, आता खरंच घोरतात की काय.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. लेक, सून, बाळ, सगळे उभे. डॉक्टरांनी डोळ्यासमोर बोटं धरली. "किती?"

काकांनी उजवा डोळा तळहाताने झाकून खूप वेळ बघितलं. "हात हलतोय, एवढं कळतंय," ते म्हणाले.

डॉक्टर बोटं जवळ आणत गेले. अगदी नाकापाशी. "आता?"

"हात हलतोय."

ऑपरेशन नीट झालं होतं. पण नस दबली ती दबली. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा त्यांनी आवाज जरा हळू केला. दोन महिने आधी आले असते तर उजव्यासारखाच झाला असता, हेही ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांचं बरोबर होतं, त्यांना रांग होती.

बाई भिंतीला टेकून उभी होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "माझ्यामुळे गेला, काका. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला नसता. पहिल्या तारखेलाच आला असता."

काका रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावायला हवे होते. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते मी मानलं, आणि मी जे सांगितलं ते त्या बाकावरच्यांनी मानलं. त्यातले किती घरी बसले असतील, दुसरा डोळा घेऊन?" त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. मला जरा बाकावर बसायचंय."

बाक भरलेला होता. काका डाव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी लावून मधे बसले. शेजारी एक बाई होती, शिवणकाम करणारी, बोटाला सुई टोचल्याच्या खुणा, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. तिने लगेच विचारलं, "काका, तुमचं झालं? काही कळत नाही ना? काही दिसत नाही ना?"

काकांनी स्टुलाकडे बघितलं. स्टूल रिकामं होतं, समजावणारी बाई अजून भिंतीशीच उभी होती. "सांगा काका," ती म्हणाली. "जे झालं ते सांगा."

काकांनी सांगितलं. घोरत नव्हतो म्हणाले, घाबरलो होतो. रंग दिसले, सावली दिसली, हललो, आणि ते लाजेने कुणाला बोललो नाही. भीतीने लांबवत बसलो, म्हणून हा डोळा गेला. ऑपरेशनने नाही गेला. ते नेहमीसारखे रंगवून बोलत नव्हते. शब्द शोधत, अडखळत बोलत होते. बाकावर कुणी हसलं नाही. कडेचा एक माणूस उठून खरोखरच निघून गेला. मोठ्या सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "बघा! गेला ना? हेच सांगत होते मी तुम्हाला!"

समजावणाऱ्या बाईने जाणाऱ्याच्या पाठीकडे बघितलं. शिपायाला हाक मारली नाही. त्याचा पत्ता तिच्याकडे होता, संध्याकाळी त्याच्या घरी जावं लागणार होतं, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागणार होतं.

शिवणवाली बाईही उठली. पिशवी काखेत मारून दारापर्यंत गेली. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती वळली आणि थेट समजावणाऱ्या बाईकडे बघून तिने विचारलं, "मग माझा हात कोण धरणार?"

हिने भिंत सोडली. "मी," ती म्हणाली, आणि टोपी घ्यायला आत गेली.